फिरत्या खोलीची बॅटरीपेटी

त्या मंगळवारी पंढरीनाथांनी माझं झाकण उघडलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. त्यांनी बॅटरीची सहाही बुचं काढून टॉर्चच्या उजेडात आतलं पाणी पाहिलं. तारांच्या टोकांवर चढलेली पांढरी बुरशी जुन्या टूथब्रशने घासून काढली आणि त्यावर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. मग झाकण लावून दोन्ही कुलपं घातली. शेवटी शर्टाच्या खिशातून निळ्या प्लास्टिकची एक नंबरी पट्टी काढली, माझ्या कडीतून ओवली आणि तिचं टोक खेचलं. या पट्टीला सील म्हणतात. ते एकदा खेचलं की सुटत नाही, कापावंच लागतं.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सीलचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. खाली लिहिलं, ‘सील नंबर ००४४१७. खोली राहनाळला उभी.’

थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘बरं.’

पंढरीनाथांनी माझ्या झाकणावर दोनदा थाप मारली आणि ते घराकडे निघाले. त्या दिवसात लक्षात ठेवावं असं काहीच घडलं नव्हतं. तरी मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यातला तोच दिवस मला सर्वांत स्पष्ट आठवतो.

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. मी ज्या गाडीवर बसते तिला इंजिन नाही. भाड्याच्या जीपच्या मागे जोडून न्यायची ती दोन चाकांची खोली आहे. आत झोपायला दोन बाकं, एक शेगडी, एक पंखा आणि दोन दिवे. जीपला जोडायचा जो पुढचा दांडा असतो, त्यावर मला वेल्डिंग करून बसवलं आहे. माझ्या पोटात बॅटरी असते, आणि त्या बॅटरीवर आतला पंखा फिरतो. लोक या गाडीला ट्रेलर म्हणतात. पंढरीनाथ मात्र ‘खोली’ म्हणत. वळ गावात त्यांचं घर दीड खोलीचं. ही अडीचवी, असं ते पाहुण्यांना सांगत.

माझं लोखंड त्याआधी मानकोलीच्या एका गोदामाचा दरवाजा होतं. गोदाम पाडलं तेव्हा पंढरीनाथांनी दरवाजाचा एक पत्रा मागून आणला आणि रघू वेल्डरच्या दुकानात टाकला. रघूने तो कापला, ठोकला, जोडला. वायू बाहेर जावा म्हणून बाजूला बारीक भोकं पाडली. राखेच्या रंगाचा हात दिला. मी जन्मापासून राखणीच्या घराण्यातली आहे, याचा मला थोडा अभिमान आहे.

आता ही खोली का बांधली ते ऐका. पंढरीनाथांनी सव्वीस वर्षं मानकोलीच्या एका गोदामात माल चढवण्याचं काम केलं. आधी हमाल म्हणून, मग मुकादम म्हणून. प्रत्येक खोक्यावर गावाचं नाव असे. सांगली, परतूर, उमरगा, वणी, देगलूर. निवृत्त झाले तेव्हा ते पत्नीला, शेवंताबाईंना म्हणाले, “एवढी गावं या हातांनी गाडीवर चढवली, पण एक बी बघितलं न्हाय.”

“मग आता स्वतःलाच चढवा,” शेवंताबाई म्हणाल्या. “आणि मला बी. पण माझे गुडघे हे असे. लॉजच्या जिन्यावर मी चढणार न्हाय, आधीच सांगते.”

म्हणून जिना नसलेली खोली. तिला एकच पायरी आहे. देगलूर राज्याच्या पार सीमेवर, ते शेवटी ठेवायचं, हेही तेव्हाच ठरलं.

गोदामातली आणखी एक गोष्ट पंढरीनाथांनी सोबत आणली, ती म्हणजे सील. मालाने भरलेली गाडी निघाली की दाराला कुलूप लागतंच, पण त्यावर नंबरी सीलही लागतं. तो नंबर माल घेणाऱ्याला फोनवर कळवायचा. गाडी पोचली की घेणाऱ्याने सीलचा नंबर मोठ्याने वाचायचा, जुळला तरच सील कापायचं, आणि उलट फोन करून सांगायचं, ‘सील शाबूत. माल मिळाला.’ ज्याला नंबर पाठवला त्यानेच कापायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा रिवाज पंढरीनाथांच्या अंगात इतका मुरला होता की शेवंताबाई गमतीने म्हणत, “लग्नात हार घातला तेव्हा बी माझ्या गळ्यात नंबर शोधत होते.”

सुरुवातीला मात्र मला सील नव्हतं. एक पितळी कुलूप होतं, आणि माझी कडी चार स्क्रूंनी बसवलेली होती. स्क्रू बाहेरच्या बाजूने होते.

पंढरीनाथांची एकुलती एक मुलगी संघरत्ना शाळेत शिकवते. तेव्हा ती नवीन नवीन लागली होती. वळ गावात घराशेजारून दिवसभर ट्रक जात, म्हणून दर रविवारी ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन खोलीत येऊन बसे. ही खोली राहनाळला केसरीनाथ पाटलांच्या मोकळ्या जागेत उभी असते. पंख्याचं मुख्य बटण माझ्या आत आहे. ती माझं कुलूप उघडी, बटण लावी, आणि जाताना बंद करून कुलूप घाली. कधी कधी माझ्या झाकणावरच गठ्ठा ठेवून तपासत बसे. मला तिच्या लाल पेनाचा आवाज आवडायचा.

अशाच एका रविवारी तिला फोन आला. शाळेत कायम केल्याचा तो फोन होता. ती इतकी आनंदली की बटण बंद करून, झाकण लावून, कुलूप कडीत नुसतं अडकवून ती घराकडे धावली. चावी कुलपातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला निघायचं होतं. पंढरीनाथ सगळ्यांच्या आधी येऊन पोचले. माझं झाकण उघडं होतं. बॅटरी नव्हती. तारा कापलेल्या होत्या. आणि पायरीवर ते पितळी कुलूप पडलं होतं. तुटलेलं नव्हतं. त्याला साधा ओरखडाही नव्हता. चावी तशीच आत.

पंढरीनाथ खाली बसले. त्यांनी कुलूप हातात घेतलं, चावी एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरवली. मग ते खिशात टाकलं. दुसऱ्या खिशातून पेचकस काढला आणि माझ्या कडीचे चारही स्क्रू त्यांनी स्वतःच्या हाताने काढले आणि कडीही खिशात टाकली. मला तेव्हा काहीच कळेना.

इतक्यात शेवंताबाई आणि संघरत्ना डबे घेऊन आल्या. मागून केसरीनाथही आले.

“स्क्रू बाहेरून होते,” पंढरीनाथ म्हणाले. “पेचकसाचं काम. कुलपासकट कडी घेऊन गेला. चूक माझी. एवढी वर्षं गोदामात काढली आणि स्क्रू बाहेरून ठेवले.”

“आयला, चोर शिकलेला व्हता,” केसरीनाथ म्हणाले.

“शिकलेला होता, तर जरा काम पण करायचं,” शेवंताबाई म्हणाल्या आणि डबे घेऊन परत फिरल्या. त्यांना रडू आलं होतं.

संघरत्ना माझ्याकडे बघत उभी होती. तिचे ओठ हलले. “बाबा,” ती म्हणाली.

“तू शाळेला जा. आज तुझा कायमपणाचा पहिला दिवस,” पंढरीनाथ म्हणाले.

ती गेली. त्या दिवसानंतर तिने मला कधी हात लावला नाही. रविवारी यायची, पण पंखा न लावता घामाघूम होऊन पेपर तपासायची. सांगलीचा बेत पावसाळ्याआधी पुन्हा जमला नाही, तो दिवाळीपर्यंत लांबला.

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातला गौरवाचा काळ सुरू होतो. पंढरीनाथांनी मला पुन्हा रघूच्या दुकानात नेलं. कडी स्क्रूंऐवजी वेल्डिंगने बसवली. बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढता येतात, म्हणून त्यांची टोकंही वेल्ड केली. एकाची दोन कुलपं झाली. कटरचा जबडा पोचू नये म्हणून कुलपांवर लोखंडी टोपी बसवली. खालून हात घातला तरच चावी लागते. आत बॅटरीवर आडवी पट्टी आली आणि पट्टीचे नट आतल्या बाजूला वळवले. बॅटरीवर पांढऱ्या रंगात नाव लिहिलं. जीपला जोडायच्या हुकाला कुलूप, चाकाला साखळी, आणि खोलीच्या दाराला आतून दोन बोटं जाडीचा अडसर. इतकंही पुरेसं वाटेना, म्हणून एका जुन्या ट्रकचा भोंगा माझ्या आत बसवला. पायरीखालचं लपवलेलं बटण आधी न दाबता कोणी झाकण उघडलं की भोंगा वाजायचा. त्याला त्यांनी वेगळी छोटी बॅटरीही दिली नाही. “जी चोरायची तीच ओरडेल,” म्हणाले.

भोंगा पहिल्यांदा वाजला तो शेवंताबाईंवर. मिठाची पुडी माझ्यात तर ठेवली नाही ना, म्हणून त्या चाव्या घेऊन बघत होत्या.

“बॅटरीला इतकं जपता!” त्या भोंग्याच्या वरताण ओरडल्या. “बटण कुठंय ते घरच्या माणसाला तरी सांगायचं!”

“सांगितलं तर काय राहिलं?”

“मग जेवा अळणी.”

केसरीनाथ तर येता जाता टोमणा मारत. “अरं पंढरी, तुज्या पेटीन बॅटरी हाय का सोना हाय रं? कवरी कुलपां लावतंस?”

पंढरीनाथ हसत. “पाटील, तुमच्या टेम्पोची बॅटरी गेली की या माझ्याकडे.”

आणि खरंच, दोन महिन्यांनी केसरीनाथांच्या टेम्पोची बॅटरी गेली. पंढरीनाथांनी त्यांना रघूकडे नेऊन माझ्यासारखीच पेटी करून दिली. मग शेजारच्या टेम्पोवाल्याने पाहिली, मग त्याच्या मेव्हण्याने. बघता बघता वळ, राहनाळ, मानकोली भागात माझ्या वळणाच्या पंचवीस-तीस पेट्या फिरू लागल्या. नाक्यावर एखादा टेम्पो शेजारी थांबला आणि त्याच्या बगलेला तीच लोखंडी टोपी दिसली की मला बहीण भेटल्यासारखं वाटायचं. त्या सगळ्या एका विसरलेल्या चावीपोटी जन्मल्या, हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

आणि आम्ही फिरलो, मित्रांनो! सांगलीला नदीच्या घाटावर शेवंताबाई पायरीवर बसून हळदीच्या वासाचं दूध प्यायल्या. परतूरला पंढरीनाथांनी बाजारात एका दुकानदाराला सांगितलं, “तुमची साबणाची खोकी मी चढवत होतो.” त्या माणसाने दोघांनाही जेवायला थांबवून घेतलं. वणीला पंख्याखाली दोघं दुपारभर झोपले. जिथे गाडी उभी राहील तिथे पंढरीनाथ मला सील लावत आणि नंबर संघरत्नाला पाठवत. घेणारी म्हणून तिचंच नाव. तिकडून नेहमी एकच शब्द यायचा, ‘बरं.’ ती आमच्याबरोबर कधी आली नाही. शाळा आहे, म्हणायची. तिच्या सुट्टीतही शाळा असायची.

एक गोष्ट फक्त मला माहीत होती. ते पितळी कुलूप पंढरीनाथांनी फेकलं नव्हतं. नवी बॅटरी बसवताना त्यांनी ते चावीसकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या तळाशी, बॅटरीखालच्या खाचेत ठेवलं होतं. का ठेवलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारू शकत नव्हते.

उमरगाही झालं, आता देगलूर तेवढं राहिलं होतं. जानेवारी सरत आला होता. तो मंगळवार तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला. शनिवारी निघायचं होतं.

बुधवारी पंढरीनाथ आले नाहीत. गुरुवारी केसरीनाथ माझ्या शेजारी उभे राहून कोणाला तरी फोनवर सांगत होते, “सकाली चा घेतला, छातीन कल आली, बस. दवाखान्यान पोचलाच नाय.” फोन ठेवून त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर कोणी आलं नाही असं म्हणणार नाही. संघरत्ना दर रविवारी यायची. उत्तरपत्रिका न घेता. पायरीवर बसायची, मोबाईल काढायची, त्यावरचा फोटो आणि माझ्या कडीतलं सील ताडून पाहायची. ००४४१७. ००४४१७. मग शेवंताबाईंना फोन करायची, “आई, सील शाबूत आहे.” तिकडून शेवंताबाई सुस्कारा टाकायच्या, “बरं झालं बाई.”

या घरातली माणसं सीलवर वाढलेली होती. सील शाबूत, म्हणजे माल सुखरूप. त्या मायलेकींना तसंच वाटत होतं. पण मित्रांनो, सील फक्त एवढंच सांगतं की कोणी उघडलं नाही. आत काय चाललंय ते सीलला कळत नाही. माझ्या आत बॅटरी मरत होती. उन्हाने माझा पत्रा तापायचा आणि बुचांतलं पाणी थेंबाथेंबाने उतरत होतं. तारांवर बुरशी चढत होती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मला जगातल्या सगळ्या चोरांपासून जपलं होतं. ओरडायचा भोंगाही होता, पण तो वाजण्यासाठी कोणीतरी मला उघडायला हवं होतं.

मे महिन्यात केसरीनाथ पायरीशी आले. रविवार होता. शेवंताबाईही काठी टेकत आल्या होत्या.

“वयनी, आमचे पोरानी, प्रितेशनी, या जागंन गोदाम बांधाचं ठरवलंय. पावसाचे आत पाया काराचा हाय,” केसरीनाथ जमिनीकडे बघत म्हणाले. “खोली हलवाला लागंल. मना लाज वाटतं सांगाला.”

“लाज कसली, पाटील? इतकी वर्षं फुकट उभी केलीत,” शेवंताबाई म्हणाल्या.

“विकाची आसंल तं भंगारवाला बघतंव. त्यो गॅसनी कापून नेल.”

“नको,” संघरत्ना एकदम म्हणाली. “हात लावायचा नाही. बाबांचं सील आहे.”

“मग काय करू गं? सीलची पूजा करू?” शेवंताबाईंचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. “रत्ना, इकडे बघ. तो नंबर त्यांनी कोणाला पाठवला?”

“मला.”

“मग घेणारी कोण?”

संघरत्नाने सीलकडे पाहिलं.

“सव्वीस वर्षं हेच ऐकलं मी. घेणाऱ्यानं सील कापलं न्हाय, तर माल दारात सडतो आणि चढवणाऱ्याच्या जिवाला घोर. तुझा बाप जानेवारीपासून फोनची वाट बघतोय, असं समज.”

केसरीनाथांनी टेम्पोतून पक्कड आणून तिच्या हातात दिली.

संघरत्ना माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. इतक्या वर्षांनी तिचा हात मला लागला. तिने सील वाचलं, हळू आवाजात.

“मोठ्यानं,” शेवंताबाई म्हणाल्या.

“शून्य, शून्य, चार, चार, एक, सात,” संघरत्नाने मोठ्याने वाचलं. आणि कापलं.

दोन्ही कुलपं उघडली. लपवलेलं बटण कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. झाकण उचललं आणि माझा भोंगा वाजला. वाजला म्हणजे काय, म्हाताऱ्या बोक्यासारखा एकदा घुरघुरला आणि थांबला. शेवंताबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “स्वतःची बॅटरी उतरली तरी मला ओरडतातच,” त्या म्हणाल्या.

केसरीनाथांनी आतली पट्टी सोडवली आणि बॅटरी उचलून पायरीवर ठेवली. बुचं काढून पाहिली. “खूप उतरलाय पाणी. पन आजून जीव हाय. आजून महिना गेला आसता तं फेकाला लागली आसती.” ते बॅटरीचं पाणी आणायला टेम्पो घेऊन गेले. शेवंताबाई खोलीत शिरल्या. आत झाडूचा आवाज येऊ लागला.

संघरत्ना एकटी राहिली. रिकाम्या माझ्याकडे बघता बघता तिला तळाशी काहीतरी दिसलं. तिने पिशवी बाहेर काढली. सोडली. पितळी कुलूप. न तुटलेलं, न ओरखडलेलं. चावी आत.

मित्रांनो, ते कुलूप मी सात वर्षं पोटाशी धरलं होतं. पेटीला गाऱ्हाणी सांगायची सवय नसते आणि मला तशी तक्रारही नाही. मला चांगलं लोखंड मिळालं. रघूचा सरळ हात मिळाला. रोज दार ठोठावल्यासारख्या झाकणावर दोन थापा मारणारा धनी मिळाला. त्यांनी माझ्यावर चढवलेल्या प्रत्येक कुलपात एक गोष्ट आणखी होती: चूक मुलीच्या नावावर लागू नये. मी चोरापासून बॅटरी राखली, पण खरी राखण ते करत होते. एवढंच मागते, की जे तुम्हाला फार मोलाचं वाटतं ते कुलपात ठेवा, जरूर ठेवा. पण महिन्याकाठी एकदा उघडत जा. पाणी बघा. बुरशी पुसा. बंद ठेवणं म्हणजे सांभाळणं, असं समजू नका. आणि सील तुमच्या नावाने आलं असेल, तर ते तुम्हालाच कापावं लागेल.

त्या दिवशी नवं पाणी पडलं. दिवसभर चार्जरवर राहून बॅटरी थोडी गरम झाली. उन्हं कलल्यावर केसरीनाथांनी तारा जोडल्या, संघरत्नाने माझ्यातलं बटण लावलं आणि आत पंखा कुरकुरत फिरू लागला.

“येत्या शनिवारी तुझी शाळा हाय का?” शेवंताबाईंनी आतून विचारलं.

“सुट्टी आहे, आई. देगलूरला किती वेळ लागतो?”

“मला काय ठाऊक? बघितलंय कोणी?”

संघरत्ना माझ्या झाकणावर टेकून बसली, जशी पूर्वी पेपर तपासायला बसत असे. पितळी कुलूप तिच्या ओंजळीत होतं. तिने चावी एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे. मग मोबाईल काढून तो शेवटचा फोटो उघडला. खाली तिचं स्वतःचंच ‘बरं’ होतं. तिथे आता लिहून पाठवायला पलीकडे कोणी नव्हतं. म्हणून ती मोठ्याने बोलली, नंबर वाचला तेव्हापेक्षाही मोठ्याने. आतला झाडू थांबला.

“बाबा, त्या रविवारी कुलूप मी उघडं टाकून गेले होते. स्क्रूंची चूक नव्हती. माझी होती. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. सील शाबूत होतं, बाबा. माल मिळाला.”